चालकाशी बोलू नये

आमच्या पेठेत एक माणूस असा हाय, की त्यो शिंकला तरी त्येचं कारण सांगतोय. आणि तेबी इंग्रजीत.

"बाळू, आय अ‍ॅम स्नीझिंग बिकॉज युवर म्हस इज शेकिंग द शेपूट."

आता ह्येला माणसानं काय म्हणावं? मी म्हणतो, "बरं, तात्या." गल्लीतली समदीच म्हणत्यात, "बरं, तात्या." तात्या जरा वेळ आपल्या तोंडाकडं बगत उभा ऱ्हातोय, जसं काय आपण अजून कायतरी बोलणार हाय. आपण काय बोलत न्हाय. मग रुमालानं नाक पुसतोय आणि फुडल्या माणसाकडं जातोय.

नाव त्येचं हिंदुराव. पर ते नाव आता मतदानाच्या यादीत तेवढं उरलंय. लोकं बिकॉजतात्याच म्हणत्यात.

मी बाळू. धंदा म्हशीचा. रोज संध्याकाळी म्हशी घिऊन दूध कट्ट्यावर उभा ऱ्हातो. भायेरच्या माणसाला सांगतो, आमच्याकडं दूध पिशवीतनं येत न्हाय, म्हस सोता गिऱ्हाइकाकडं येती. रस्त्याच्या कडंला म्हस, म्हशीखाली मी, आणि डोक्यावर गिऱ्हाईक. ग्लासात धार मारायची, फेस वर आला की द्यायचा, त्येनं मिशीला लावून जायाचं. शिक्षाणाचं म्हणाल, तर मी आणि शाळा, दोघांनीबी एकमेकाला लवकर वळखलं. मास्तर म्हणालं, "बाळ्या, तू म्हशीकडं जा. तितं तुजी गरज हाय." ते मास्तर अजून माज्याकडंच दूध पित्यात. डोळ्यादेखत धार काढतो, तरी विचारत्यात, "पाणी घातलंस काय रं?"

तर तात्या माजं रोजचं गिऱ्हाईक. आमची चांदणी म्हस हाय, कपाळाला पांढरा ठिपका असल्याली. लई नखऱ्याची. मधीच पान्हा चोरती. मी थोपटतो, गोंजारतो, आईची शपथ घालतो, तरी ढिम्म. आणि तात्या आला, "चांदणी, आय अ‍ॅम ड्रिंकिंग युवर मिल्क बिकॉज युवर मिल्क इज बेस्ट" म्हणाला, की सोडलाच पान्हा! ज्या म्हशीला मी वैरण घालतो, तिनं माज्या शब्दाला कवा किंमत दिली न्हाय. कारण सांगितल्यालं म्हशीलाबी आवडतं, हे मला तवाच कळाय पायजे हुतं. कळलं न्हाय. मास्तरांचं बरोबर हुतं.

तात्या एस्टीत डायव्हर हुता. कोल्हापूर-गारगोटी लायनीला आख्खी नोकरी काढली. आता एस्टीत डायव्हरच्या डोक्यावर पाटी असती बगा, 'चालकाशी बोलू नये'. ती पाटी सरकारनं प्यासेंजरसाठी लावल्याली. तात्यानं ती सोतासाठी धरली. गाडी मधीच थांबली, प्यासेंजर वराडली, "का थांबलीया?" तर तात्या समोरच्या काचंकडं बगत बसायचा. गाडी मधीच सुटली, निम्मी लोकं खाली चा पीत, तरी तात्या काचंकडंच. कंडक्टर बिचारा शिव्या खायाचा.

आणि पाटी नुसती गाडीत न्हवती. घरातबी तीच. शालनकाकी म्हंजे तात्याची बायकू, एका इंग्लिश शाळंत मावशी हुती. पोरांची नाकं पुसायची, बुटाच्या नाड्या बांधायच्या. घरला येऊन विचारायची, "आवं, आज उशीर का झाला?" काच. "आवं, जेवला का न्हाय?" काच. त्येंच्या घरातनं आम्हाला नुसता काकीचाच आवाज यायचा. फुडं फुडं त्योबी यायचा थांबला.

मग तात्या रिटायर झाला, ल्येकानं मोबाईल पाठवून दिला, आणि कुटनं तरी त्येला एक कार्यक्रम घावला. रोज बोलायची इंग्रजी वाक्यं. त्येच्यात एक बाई सांगायची, आपण एखादी गोष्ट का केली त्येचं कारण इंग्रजीत कसं द्यायचं. मी उशिरा आलो कारण गाडी चुकली. मी छत्री घेतली, म्हंजे भिजू नये. तात्या कट्ट्यावर बसून कानात वायर घालून एकच धडा घोकायचा. मी एकदा म्हणालो, "तात्या, फुडचा धडा कशाचा?"

"हाटेलात जेवाण कसं मागवायचं त्येचा."

"मग लावा की."

"नगो," तात्या म्हणाला. "आय डोन्ट वॉन्ट बिकॉज आय डोन्ट नीड."

ह्यो एवढा एकच धडा माणसाला कशाला लागतोय, हे कारण मात्र समदी कारणं सांगणाऱ्या माणसानं कुणाला सांगितलं न्हाय.

एकदा तात्यानं स्कूटर नको तितं लावली. हवालदार आला. तात्या म्हणाला, "सायेब, आय पार्क हिअर बिकॉज देअर इज ऊन, अँड हिअर इज सावली." हवालदार आपल्याच पेठेतलं. त्येनं टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हणालं, "तात्या, कारण पटलं. पर मी पावती फाडतोय, बिकॉज मागं सायेब उभं हाईत." तात्यानं त्येला मिठी मारली. दंड भरून आल्याला माणूस त्येवढा खुशीत मी कवा बगितला न्हवता. पावती घिऊन कट्ट्यावर आला आणि समद्यांना दाखवत सुटला. "बगा, त्येनंबी कारण दिलं!"

लग्नातनं उठताना यजमान म्हणालं, "तात्या, एवढ्यात निघाला?" तर तात्या म्हणाला, "आय अ‍ॅम गोइंग बिकॉज आय हॅव कम." आता ह्येच्यावर कोण काय बोलणार? आला हुता म्हणून चाललाय. न आल्याला माणूस जाईल कसा?

मला वाटलं आपणबी शिकावं. म्हशीसाठी कर्ज काढाय बँकेत गेलतो, तितं नवीन सायेब, मराठी कच्चं. त्येनं इंग्रजीत कायतरी विचारलं. मी छाती फुगवून म्हणालो, "बिकॉज." आणि गप्प बसलो. मला तेवढंच यायचं. सायेब फुडचं ऐकाय वाट बगत बसला. मला वाटलं झालं, आता त्येची पाळी. मीबी वाट बगत बसलो. शेवटी शिपाई चा घिऊन आला, दोघांनी चा घेतला, आणि मी घरला आलो.

ही समदी गंमत सांगत बसायचं कारण म्हंजे माजी बायकू, मंगल.

पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळत्यात, नवरा ओवाळणी घालतोय, हे समदीकडं. आमच्याकडं त्याच दिवशी म्हशींची मिरवणूकबी असती. शिंगं रंगवायची, कवड्यांच्या माळा, मोराची पिसं, पायात चांदीचं तोडं. मोटरसायकलचा सायलेन्सर काढून फुडं पळवायची, आणि म्हस मालकामागं पळती. ज्येची म्हस नटल्याली, त्येची मान ताठ.

औंदा मी मंगलला पाडव्याला साडी घेतली. मी घेतली म्हंजे मी दुकानात बसलो. पसंत तिनं केली. दुकानदाराला आख्खं दुकान उलगडाय लावलं आणि शेवटी पयलीच घेतली. मोरपंखी रंग, डाळिंबी काठ. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "वयनी, नजर भारी हाय तुमची." घरला आणली, आणि बाई ट्रंकंत ठेवून मोकळी. म्हणाली, "येवढी भारी कुटं नेसू? मी कुटं जातो येतो?"

पाडव्याला सकाळी तिनं मला ओवाळलं, आणि फराळाचं ताट घिऊन शालनकाकीकडं गेली. मी ट्रंक उघडली. साडी काढली. आणि चांदणीच्या पाठीवर झूल म्हणून घातली, पदर शेपटीकडं सोडून.

काय दिसली म्हणून सांगू! चौकात लोकं थांबून बगायला लागली, तात्याबी त्येंच्यात. मी मोटरसायकलवर, मागं चांदणी मोरपंखी साडीत, ढोल, हलगी. आणि कोपऱ्यावर, जी कवा मिरवणूक बगाय येत न्हाय, ती माजी बायकू काकीबरोबर उभी.

मंगलनं चांदणीकडं बगितलं. चांदणीनं मंगलकडं बगितलं. मी फुडं काचंकडं बगितलं, आणि मोटरसायकलला काच नसती.

घरला आल्यावर तिनं विचारलं, "का नेसवली?"

मी म्हणालो, "असंच."

"असंच म्हंजे?"

"असंच म्हंजे असंच की."

दुसऱ्या दिवशी ती मुरगूडला माहेरी गेली. गल्लीला वाटलं, भाऊबिजेला गेली. मलाबी तेच वाटलं. भाऊबीज झाली. तुळशीचं लग्न झालं. ऊस तुटाय लागला. मंगल काय येईना. फोन केला तर म्हणाली, "कारण सांगा, येतो."

"कशाचं कारण?"

"माजी साडी म्हशीला का नेसवली त्येचं. मी म्हशीएवढी बी न्हाय, आसं वाटलं असंल तर तसं सांगा. पर सांगा."

"आगं, तसं न्हाय."

"मग कसं?"

माज्या तोंडात शब्द आला आणि तितंच फिरला. मी म्हणालो, "असंच गं." तिनं फोन ठेवला.

त्या दिवसात माजं काय झालं, तुमाला सांगतो. मी गवळी, माज्या घरात दूध उतू गेलं. रोज. भाकरी थापली तर ती तव्यापरास जाड. चांदणीला घातली, तिनं वास घिऊन तोंड फिरवलं. अंगणात तिची घागर पालथी पडल्याली, ती मी सरळ केली न्हाय. तिनंच येऊन करावी, म्हणून. ती आलीच न्हाय तर काय, ह्यो विचार आला की मी म्हशी धुवाय जायाचो. एवढ्या सोच्छ म्हशी पेठेत कुणाच्या न्हवत्या.

कट्ट्यावर जो त्यो शाणा. एक म्हणाला, "सांग, साडी वाळत घातलीती, म्हस त्येच्यात घुसली." दुसरा म्हणाला, "सांग, दारू पिलोतो." मी म्हणालो, "मी पीत न्हाय की." तर म्हणाला, "मग आता पी आणि मग सांग."

तात्या ग्लास घिऊन उभा हुता. समदी गेल्यावर म्हणाला, "बाळ्या, खरं कारण काय रं?"

"असंच, तात्या."

तात्या माज्यावर कवा चिडला न्हवता. त्या दिवशी चिडला. ग्लास आपटला, दूध त्येच्याच धोतरावर सांडलं. "असंच म्हणू नगंस! असंच म्हणणाऱ्या माणसाच्या कपाळावर पाटी असती. ती काढायची म्हणली तर मागनं निघत न्हाय."

मग मी त्येच्या कानात खरं कारण सांगितलं. सांगताना माजं कान तापलं. तात्यानं रुमाल काढून धोतरावरचं दूध पुसलं. बिकॉजसुद्धा म्हणाला न्हाय.

"हे मराठीत तिच्या म्होरं माज्या तोंडातनं निघत न्हाय, तात्या."

"मग इंग्रजीत सांग. इंग्रजीत लाज वाटत न्हाय, बिकॉज ती आपली न्हाय. उद्या मुरगूडला जायाचं."

एस्टीनं निघालो. तात्या डायव्हरच्या मागच्याच शिटावर, पाटीच्या बरोबर खाली. मला वाक्य पाठ करून घेत हुता. मी म्हणायचो, विसरायचो, परत म्हणायचो. मधी वाटंत गाडी थांबली. फुडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गाडी जाईना. मागनं एक म्हातारी वराडली, "आरं, का थांबलीया?" डायव्हर काचंकडं बगत बसला.

तात्या उठला. दांडीला धरून मागं वळला आणि म्हणाला, "लेडीज अँड पावणं, द बस इज नॉट गोइंग, बिकॉज द ऊस इज गोइंग."

आख्खी गाडी हसली. डायव्हरबी हसला. म्हातारी म्हणाली, "काय म्हणतोय त्यो?" मग तात्यानं तिला मराठीत सांगितलं, उसाचं, कारखान्याचं, ट्रॉलीचं चाक कसं रुतलं असंल त्येचं. म्हातारी ऐकत हुती. तात्याचं तोंड असं फुललं हुतं, की जसं काय नोकरीतल्या समद्या थांबल्याल्या गाड्या त्येनं आज समजावून सांगितल्या.

सासऱ्याच्या दारात पोचलो. मामा, म्हंजे सासरं, अंगणात दोरी वळत बसल्यालं. माज्याकडं बगितलं, माज्या मागं बगितलं, आणि म्हणालं, "या पावणं. एकलंच? म्हस न्हाय आणली नेसवून?"

मी हसलो. कुणीच हसलं न्हाय, म्हणून थांबलो. सासूनं पाणी दिलं. मंगल दारात शेंगा फोडत बसली हुती, मान खाली. शेंगा फुटायचा आवाज तेवढा. तात्यानं पाठीत कोपर मारलं.

मी डोळं मिटलं आणि गाडी सोडली. "मंगल. आय पुट साडी ऑन बफेलो, बिकॉज यू आर नॉट गोइंग एनीव्हेअर. सो दॅट… सो दॅट ऑल कोल्हापूर शुड सी युवर चॉईस."

मामांची दोरी हातात तशीच. सासू मामांना हळूच म्हणाली, "जावयास्नी बाधा झाली काय वो?"

शेंगा फुटायच्या थांबल्या. मंगलनं मान वर केली.

"म्हंजे?"

आणि काय झालं मला कळलं न्हाय. तिनं विचारलं, आणि समदं मराठीतनंच भायेर आलं, धार लागल्यागत. म्हणालो, "तू कुटं जात न्हाईस. येवढी चांगली पसंत करतीस आणि ट्रंकंत घालतीस. मला वाटलं, हा रंग समद्या कोल्हापूरनं बगाय पायजे. तू तर मिरवणुकीत येणार न्हाईस. चांदणी जाणार हुती. म्हणून तिच्यावर घातली."

"म्हणून म्हशीवर?"

"मग कुणावर घालू? माज्यावर?"

मामांनी दोरी तोंडावर धरली. खांदं हलत हुतं.

मंगल म्हणाली, "आणि लोकं काय म्हणाली?"

"म्हणाली, रंग लई भारी. कुणाची पसंती?"

"तुमी काय सांगितलं?"

"आमच्या मंडळींची म्हणालो."

"खोटं."

"आय वॉज देअर," तात्या मागनं म्हणाला. "आय वॉज हिअरिंग, बिकॉज ही वॉज शाउटिंग."

मंगलनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "साडी कुटं हाय?"

"धुऊन ठेवलीया. काठाला शिंगाचा रंग लागलाय जरा. गुलाबी. जात न्हाय."

ती आत गेली. मी तात्याकडं बगितलं, आता काय? तात्या म्हणाला, "गप बस." आणि मंगल भायेर आली ती पिशवी घिऊनच. पिशवी आधीच भरल्याली. कवा भरली हुती, मी विचारलं न्हाय. काय काय कारणं न विचारल्यालीच बरी.

परतताना गाडीत मंगल फुडं बायकांच्या शिटावर. मी आणि तात्या मागं. मी म्हणालो, "तात्या, इंग्रजीत बोललो की ती 'म्हंजे?' म्हणून विचारंल, हे तुमाला कसं कळलं?"

तात्या खिडकीतनं ऊस बगत हुता. तसाच बगत बोलला, आणि सरळ मराठीत बोलला.

"बाळ्या, शालन मला आख्खी नोकरीभर 'का?' म्हणून विचारायची. मी काय सांगितलं न्हाय. दमल्यालो असायचो. घरात आलो तरी कानात इंजनच. मग रिटायर झालो. म्हणलं, आता सांगूया. पयल्याच दिवशी म्हणालो, मी जरा कट्ट्यावर जाऊन येतो, बसून बसून पाय आकडल्यात म्हणून. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी आजून कायतरी सांगितलं. बरं. काय बी सांगा, बरं. राग न्हवता रं तिला. विचारायची सवयच मोडली हुती. मीच मोडली."

गाडी गचक्यानं वळली. तात्यानं दांडी धरली.

"मग एक दिस ह्या मोबाईलमदलं एक वाक्य सहज तिच्या म्होरं बोललो. आय अ‍ॅम गोइंग टू मार्केट बिकॉज कांदा इज ओव्हर. तर ती चुलीकडनं वळली आणि म्हणाली, म्हंजे काय वो? लई वर्सांनी विचारलं तिनं. मी तिला कांद्याचं सांगाय बसलो ते दुपार झाली. कांदा आणायचाच ऱ्हायला." तात्या हसला. "तवापासनं रोज एक नवीन वाक्य करतो. तुमच्या म्होरं कट्ट्यावर घोकतो, म्हंजे घरात अडकत न्हाय. हाटेलाचा धडा घिऊन काय करू? ती कुटं हाटेलात जाती?"

मग माजा हात दाबून म्हणाला, "कुणाला सांगू नगंस."

मी घरात पाय टाकल्या टाकल्या मंगलला सांगितलं. माज्या पोटात दूधसुद्धा ऱ्हात न्हाय.

मंगल घागर सरळ करत हुती. समदं ऐकलं आणि हसाय लागली. आधी जरा हसली, मग पदरानं डोळं पुसाय लागली.

"आवं, काकीला समदं इंग्रजी कळतंय."

"काय बोलतीस?"

"येवढी वर्सं इंग्लिश शाळंत काढली तिनं. दिवसभर पोरं कानात तेच बोलायची. दिवाळीआधी मी तितं बसलोतो, कुठला तरी इंग्रजी फोन आला. काकीनं असं फडाफडा बोलून ठेवला की मी बगतच ऱ्हायलो. म्हणलं, काकी, येवढं येतंय, मग तात्या बोललं की म्हंजे काय, म्हंजे काय म्हणून का विचारता? तर म्हणाली," मंगलनं घागर भिंतीला टेकवली, "लई वर्सांनी गाडी सुरू झालीया, बाई. न्हाय विचारलं तर थांबंल की."

मी उंबऱ्यावरच बसलो. ह्यो तिला विचाराय लावाय म्हणून रोज घोकतोय. आणि ती ह्येला बोलाय लावाय म्हणून रोज अडाणी होतीया. आख्ख्या पेठेत अडाणी मीच हाय, असं मी समजून चाललोतो. तितंबी दुसरा नंबर.

मंगलनं मला शपथ घातली की हे तात्याला सांगायचं न्हाय. एवढी एक गोष्ट मात्र ऱ्हायलीया पोटात. कशी ऱ्हायली, माजं मलाच नवाल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर गर्दी. मंगल समोरनं गेली, काकीकडं निघाल्याली. अंगावर मोरपंखी साडी, काठाला गुलाबी डाग तसाच. चांदणीनं मान वळवून लांबपतोर बगितलं. तेवढ्यात तात्या आला. ग्लास फुडं केला.

"बाळू, टुडे आय विल ड्रिंक टू ग्लासेस, बिकॉज आय अ‍ॅम हॅपी."

कळलं की मला. हॅपी कुणाला कळत न्हाय? 'बरं, तात्या' माज्या वठावर आलंच हुतं. ते मी गिळलं. चांदणीखालनं वर बगितलं आणि म्हणालो,

"म्हंजे काय वो, तात्या?"

तात्या माज्याकडं बगतच ऱ्हायला. मग त्येनं ग्लास खाली ठेवला, एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसला, धोतर सावरलं. "ऐक," म्हणाला, "बैजवार सांगतो." आणि सुरू झाला. कुटनं, तर सकाळी काकीनं चा मदी आलं जरा जास्त घातलं तितनं.

मी हात थांबवून ऐकत बसलो. मागं गिऱ्हाइकांची रांग लागली. रांगंतनं एक पावणं वराडलं, "ओ मालक, का थांबलीया?"

मी म्हणालो, "थांबली न्हाय, पावणं. चालू हाय."